चष्मा उशाशी

ताई: हे वाक्य संपतं कुठे? दोनदा श्वास घेतला तरी पूर्णविराम काही येईना.

धाकटी: पुढच्या पानावर.

ताई: अगं, आमचे साहेब पुढचं पान उलटत नाहीत. सगळ्या आरोग्य खात्याला ठाऊक आहे. एकच पान. काय बिघडलंय, काय करायचं आणि कुणी करायचं, बास.

धाकटी: पाच वर्षांचं काम आहे, ताई. ते एका पानात म्हणजे...

ताई: हत्तीला डबीत बसवायचं, कळतंय मला. पण हत्ती दाराबाहेरच राहिला तर आत बसलेल्याला काय कळणार? असं कर, मी तुझी बहीण नाही. कुणीतरी वाटेवरची बाई आहे. सांग मला, काय शोधलंस?

धाकटी: म्हातारी माणसं रुग्णालयात दाखल झाली की पुष्कळांचा दोन-तीन दिवसांत गोंधळ उडतो. घरी धडधाकट असलेला माणूस मुलाला भावाच्या नावाने हाक मारतो, भर दुपारी रात्र झाली म्हणतो, सलाईनची सुई ओढून काढतो. आपण म्हणतो, वय झालं. मी वॉर्डांत जाऊन बसले. सकाळ-संध्याकाळ विचारायचे, आज वार कोणता, तुम्ही कुठे आहात, शेजारी कोण बसलंय. आणि असं दिसून आलं की, काही मर्यादांच्या अधीन राहून...

ताई: मर्यादा नंतर.

धाकटी: ज्यांचा चष्मा आणि ऐकायचं मशीन हाताशी होतं, त्यांचा गोंधळ बराच कमी होता. बाकीच्यांचं सगळं पिशवीत. हरवेल म्हणून घरच्यांनीच बांधून ठेवलेलं.

ताई: बघ, आलं की दोन वाक्यांत. आणि नेमकं उलटं परिपत्रक साहेबांच्या टेबलावर पडलंय. रुग्णाच्या सगळ्या वस्तू दाखल होतानाच जमा करायच्या नि कपाटात ठेवायच्या. चोऱ्यांच्या तक्रारींनी खातं बेजार झालंय. उद्या सही होणार. एकदा झाली की सगळ्या सरकारी रुग्णालयांतले चष्मे कुलपात.

धाकटी: म्हणून तर धावत आले ना.

ताई: मग हे काय? 'मागच्या इमारतीतील वॉर्डात मात्र निष्कर्ष विपरीत आढळले.' हे पहिल्याच परिच्छेदात कशाला?

धाकटी: कारण ते खरं आहे. तिथे चष्मा लावणाऱ्यांचाच गोंधळ जास्त होता.

ताई: का?

धाकटी: माहीत नाही.

ताई: मग शेवटी जाऊ दे ते, बारीक अक्षरांत. माझा जन्म गेला टिपण्या लिहिण्यात. एवढीशी फट दिसली की प्रस्ताव 'अधिक अभ्यासासाठी' जातो, आणि तिकडे गेलेलं काही माघारी आलेलं मी पाहिलेलं नाही.

धाकटी: खोडू नकोस, ताई.

ताई: खोडत नाहीये. पानाच्या मागच्या बाजूला नेतेय. लपवणं वेगळं आणि मागे ठेवणं वेगळं.

धाकटी: जे पान कुणी उलटत नाही, त्याच्या मागे?

ताई: वाद घालण्यात अगदी आईवर गेली आहेस. चल, दोघी मिळून एका पानात उतरवू नि आत पाठवू.

(तासाभराने. साहेबांच्या दाराबाहेर.)

ताई: ऊठ, आत बोलावलंय. आणि तिथे 'अधीन राहून' म्हणू नकोस.

साहेब: या, बसा. या तुमच्या भगिनी का? टिपणी आत्ताच वाचली. सोपी लिहिली आहे, त्यामुळे मला काय कळलं नाही ते तरी कळलं. विचारू?

धाकटी: विचारा ना.

साहेब: चष्मा उशाशी ठेवणारं घर म्हणजे काळजी घेणारं घर. मग हा गुण चष्म्याचा की घरच्यांचा?

धाकटी: हाच प्रश्न मलाही पडला होता. म्हणून ज्यांच्याजवळ दिवसभर कुणीतरी बसतं त्यांची आपसांत तुलना केली, आणि ज्यांना भेटायलाही कुणी येत नाही त्यांची आपसांत. फरक थोडा घटला. पण राहिला.

साहेब: हं. म्हणजे थोडा गुण घरच्यांचाही.

धाकटी: हो. तेवढा त्यांना द्यायलाच हवा.

साहेब: बरं, हरवण्याचं काय? हा तक्रारींचा गठ्ठा बघा. एका गृहस्थांची तर कवळी गेली. बरे होऊन घरी गेले, पण जेवता येईना.

ताई: त्यावर उपाय सुचवलाय, साहेब. चष्म्याला दोरी लावून गळ्यात, आणि बाकीच्यासाठी नाव लिहिलेली पिशवी पलंगाला अडकवलेली. सकाळच्या फेरीत सिस्टरने बघून घ्यायचं. वेगळा माणूस नेमावा लागत नाही.

साहेब: कवळी दोरीने गळ्यात बांधू नका म्हणजे झालं. आणि हे सगळ्या वॉर्डांत असंच आढळलं?

ताई: साधारणपणे सगळीकडे, साहेब.

धाकटी: एक वॉर्ड सोडून.

ताई: तो तपशील मागच्या बाजूला दिलाय.

साहेब: आहे खरा. इतक्या बारीक अक्षरात कोण लिहितं? 'विपरीत' म्हणजे चष्मेवाल्यांनाच जास्त त्रास?

धाकटी: हो.

साहेब: का बरं?

धाकटी: मला सांगता येत नाही. वय तपासलं, आजार तपासले, औषधं तपासली. कशातच बसत नाही.

ताई: साहेब, एवढ्या एका वॉर्डामुळे बाकीच्यांचं नुकसान...

साहेब: थांबा, मॅडम. बाकीचं मला पटलंय. पण उद्या मी चष्मे उशाशी ठेवा म्हणून हुकूम काढायचा, आणि असे आणखी वॉर्ड कुठे-कुठे असतील ते आपल्याला ठाऊक नाही. त्या माणसांना तुम्ही विचारलं होतं का?

धाकटी: वार विचारला. जागा विचारली.

साहेब: चष्म्याबद्दल?

धाकटी: नाही. तो प्रश्न माझ्या प्रश्नावलीत नव्हता.

साहेब: रुग्णालय रस्त्यापलीकडे तर आहे. जेवणाची सुट्टी होतेय, भूक मला एवढ्यात लागत नाही. चला, विचारून येऊ.

(मागच्या इमारतीतला वॉर्ड. दुपार.)

धाकटी: आजी, जाग्या आहात ना? सिस्टर म्हणाल्या, तुम्हाला गप्पा आवडतात.

आजी: आवडतात कसल्या. खुब्याचं हाड मोडलंय, दुसरं काही करता येत नाही, म्हणून तोंड चालवते. तुम्ही डॉक्टर का?

धाकटी: नाही, मी अभ्यास करते. हे आरोग्य खात्यातले साहेब, आणि ही माझी ताई.

आजी: एकदम तिघं आलात म्हणजे एकतर मी बरी झाले, नाहीतर आटोपलं माझं.

साहेब: तसं काही नाही, आजी. एक साधी गोष्ट विचारायची होती. तुमचा चष्मा उशाशीच आहे. लावत का नाही?

आजी: हे विचारायला खात्यातून आलात?

साहेब: हो.

आजी: मग बसा. हे बघा, मी शाळेत भूगोल शिकवायचे. चष्म्यावाचून मला फळा नि भिंत सारखीच. पण इथे तो लावला की समोरचं दिसतं.

धाकटी: समोर काय आहे?

आजी: तूच बघ की मागे वळून.

धाकटी: काचेची खोली. जास्त आजारी असतात त्यांची.

आजी: माझ्याच वयाची बाई होती तिथे परवापरवापर्यंत. सगळे धावत होते. मग सगळे सावकाश चालायला लागले. ते सावकाश चालायला लागले की समजायचं. मग चादर ओढली तोंडावर. त्यानंतर माझा डोळा लागला की वाटायचं, आत मीच आहे आणि या पलंगावरून कुणीतरी माझ्याकडे बघतंय. मी ओरडले म्हणे, सुई उपसून टाकली म्हणे. मला आठवत नाही. तेव्हापासून काढून ठेवते. धूसर बरं असतं.

धाकटी: पण मग दिवस आणि रात्र?

आजी: ते कुठलं कळतंय. घड्याळ त्याच भिंतीवर आहे म्हणतात. काल मुलगी आली, तर मी तिला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारली. त्यानंतर आवाज बदलला तिचा. एवढं समजायला चष्मा लागत नाही.

साहेब: मध्ये पडदा असता तर?

आजी: पडदा? हो, मग काय अडलं होतं. पण मी मागायचा कुणाकडे? सिस्टर औषध विचारतात, डॉक्टर दुखतं का विचारतात.

साहेब: हेच कारण असेल का हो?

धाकटी: असू शकेल. एकट्या आजींच्या सांगण्यावरून ठरवता येणार नाही. पण मी या वॉर्डात कितीतरी दिवस बसले. खुर्ची नेहमी पलंगाकडे तोंड करून. काचेकडे माझी पाठ. ते जे बघत होते, ते मी कधी बघितलंच नाही.

साहेब: मॅडम, लिहून घ्या. जमा करायच्या वस्तूंतून चष्मा, ऐकायचं मशीन आणि कवळी वगळायची. ती रुग्णाच्या हाताशीच राहतील. ज्या पलंगांसमोर गंभीर रुग्ण दिसतात तिथे पडदे. आणि पडदे लागल्यावर तुमच्या भगिनी इथे येऊन पुन्हा मोजतील.

ताई: त्या वॉर्डात उलटं का झालं ते अजून नक्की कळलेलं नाही, हे लिहायचं?

साहेब: लिहा ना. नाहीतर पुन्हा मोजायचं कशासाठी, असं विचारतील मला.

धाकटी: बाकीच्या रुग्णांनाही विचारते मी. आजच सुरू करते.

आजी: माझे कान शाबूत आहेत, सगळं ऐकू येतंय. तो पडदा कधी येणार?

साहेब: आजच सांगतो, आजी. तरी दोन-चार दिवस जातील.

आजी: दोन-चार दिवस. बरं.

ताई: आजी, मी इथे उभी राहिले तर? बघा बरं, काचेतलं दिसतंय का?

आजी: थांब, चष्मा लावू दे. नाही, तूच दिसतेस. चांगली ऐसपैस आहेस.

ताई: घरी सगळे हेच म्हणतात.

आजी: आणि ते घड्याळ होय. अगंबाई, अजून दुपारच आहे? मी समजत होते, दिवेलागण झाली. म्हणजे मुलगी यायची आहे अजून.

साहेब: मॅडम, निघायचं ना? मसुदा बदलायचाय.

ताई: तुम्ही दोघं व्हा पुढे, साहेब. हिला आता एका पानात लिहिता येतं. मी जरा उभी राहते इथे.