गाडी मागे घेताना

ड्रायव्हिंग टेस्टच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून होत्या. परीक्षा सासूबाईंची होती.

“आई, फॉर्म किती वेळा वाचाल?”

“वाचू दे. मागच्या वेळी रिव्हर्समध्ये खांब पाडलाय मी.”

“मग आज काय करणार?”

“तू करतेस तेच. मागच्या सीटवरून बघत असते ना मी. गाडी तिरकी गेली की तू थांबतेस, ‘सावकाश, जमेल’ असं पुटपुटतेस आणि पुन्हा सरळ करतेस.”

“अय्या! मला वाटायचं, तुम्ही झोपलात.”

“तुझे सासरे शिकवताना नुसते ओरडतात. स्वतः कधी चुकत नाहीत, मग चूक सावरायची कशी ते मला दिसणार कुठून? तू मात्र भरपूर चुकतेस.”

“हे कौतुक की टोमणा?”

“दोन्ही ठेव.”

तेवढ्यात त्यांना बोलावलं. रिव्हर्समध्ये गाडी तिरकी झाली आणि थांबली. त्यांचे ओठ हलले. मग गाडी खांबांमधून सरळ मागे गेली.

“आई, पास झालात! बाबांना फोन लावते.”

“नको. संध्याकाळी फाटकातून गाडी मी आत घेईन. त्यांना गॅलरीतून बघू दे.”

“आणि चुकलात तर?”

“मग तेही बघू दे.”