शवपेटीच्या जाळीवरची पाटी कोणी तोडली याबाबत

जबाब देणार: संयोगिता केरबा चौगले, वय ४६ वर्षे, धंदा चटणी-मसाला कांडप, राहणार कळंबा, कोल्हापूर. लग्नानंतरचे नाव मी लावत नाही. त्याचे कारण या प्रकरणाशी संबंधित नाही.

मला कोणी बोलावलेले नाही. आज सकाळी आईचे रक्षाविसर्जन उरकून मी परस्पर पोलीस ठाण्यात आले आहे आणि विचाराल ते व न विचाराल तेही सांगते, ते येणेप्रमाणे.

वर नमूद पत्त्यावर मी व माझी आई अंबूबाई अशा दोघी राहत होतो. भाऊ राजवीर सैन्यात असून सध्या अरुणाचलात आहे. सोमवारी सकाळी आई झोपेतच गेली. राजवीरला फोन केला. तो म्हणाला, "आक्का, मी निघतोय. मला तोंड बघायचं हाय. तवर कायबी कर, पण ठेव तिला." त्याला पोचायला बुधवार उजाडणार होता. आईला तोवर सरकारी दवाखान्याच्या शवागारात ठेवावे असे आमचे दोघांचे ठरले.

तेवढ्यात आमच्या गल्लीतील उगवता तारा तरुण मंडळाचे अध्यक्ष विजयसिंह धैर्यशील इंगवले हे चार-पाच कार्यकर्त्यांसह आले. तरुण मंडळ म्हणायचे ते नावाला, अध्यक्षांची पन्नाशी उलटली आहे. ते म्हणाले, "मंडळाची शवपेटी असताना आईसाब दवाखान्यात? आमी काय मेलोय व्हय?" मी हो म्हणाले. दुपारी पेटी आली. पेटीसोबत फोटो काढणाराही आला.

सदर पेटी म्हणजे वर काच असलेला माणसाएवढा फ्रिजच आहे. पायाकडच्या अंगाला मशीन असते आणि मशीनसमोर जाळी असते. जाळीतून हवा आत-बाहेर खेळली तर पेटी गार राहते. एवढे कळायला शाळा लागत नाही. माझ्या कांडप यंत्राच्या मोटरलाही हवा लागते, म्हणून मी तिच्यापुढे मिरच्यांची पोती रचत नाही.

मंडळाने नेमक्या त्या जाळीवर स्टीलची भली मोठी पाटी रिबिटा मारून बसवली होती. 'कै. धैर्यशील इंगवले यांच्या स्मरणार्थ' हे बारीक अक्षरात आणि 'सौजन्य: विजयसिंह इंगवले व मित्रपरिवार' हे जाड अक्षरात. पेटीला दुसरी मोकळी जागा नव्हती असे नाही. पण तिरडी बांधताना सगळी गल्ली पायाकडे उभी असते, तिथे पाटी सगळ्यांना दिसते, असा त्यामागे विचार होता. मंडळाने एवढा खोल विचार दुसऱ्या कशाचाही केल्याचे मला माहीत नाही.

संध्याकाळी काचेला आतून घाम आला. मी पेटीवर हात ठेवला तर मशीनच्या बाजूला तव्यासारखे गरम आणि आईच्या बाजूला कोमट. विजयसिंह यांना फोन केला. ते म्हणाले, "मशीन हाय ताई, गार व्हायला जरा दम धरा की." आई गेलेल्या बाईला दम धरायला सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मी बर्फाच्या लाद्या आणून आईच्या डोक्याशी व कुशीला लावल्या.

मंगळवारी सकाळी मी निसार शिकलगार यांना बोलावले. त्यांचे फ्रिज-एसी दुरुस्तीचे दुकान असून मंडळाच्या पेटीची सर्व्हिसिंगही तेच करतात. त्यांनी पेटीला कान लावला आणि सांगितले की, पाटीमुळे हवा कोंडते, मशीन तापते व आपोआप बंद पडते. मी विचारले, "आधी कळलं नव्हतं?" ते म्हणाले, "कळलंतं की ताई. पयल्याच सर्व्हिसिंगला सांगितलंतं. अध्यक्ष म्हणालं, पाटी सोडून बाकीचं झाड. मग मी बाकीचं झाडलं."

म्हणजे दर सर्व्हिसिंगला निसार येणार, मागच्या पट्ट्या उघडून झेंडूच्या पाकळ्या, बुक्का आणि उदबत्तीची राख काढणार, पाटीला फडके मारणार आणि कार्डावर 'ठीक' लिहून जाणार. खंडेनवमीला मंडळ पेटीला हार घालून नारळ फोडते. नारळाला मंडळाकडे वेळ आहे. निसार हा इसम वाईट नाही, भित्रा आहे. भित्र्या माणसाच्या हातात पाना असून नसून सारखाच.

मी त्यांना पाटी काढायला सांगितले. त्यांनी पान्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि अध्यक्षांना फोन लावला. विजयसिंह समक्ष आले व त्यांनी पुढीलप्रमाणे सांगितले: "निसार, पाटीला हात लावायचा न्हाय. ताई, पाटी हलवायची म्हंजे मीटिंग घ्यावी लागंल. उद्घाटनाला सायेब आलते. आन त्यावर माझ्या वडलांचं नाव हाय."

मी म्हणाले, "तुमचं वडील जाऊन धा वर्सं झाली. माझी आई काल गेलीया. आत झोपलीया, बघा."

त्यांनी आत बघितले नाही. ते पाटीकडे बघत होते. म्हणाले, "भावना समजून घ्या की." कोणाच्या, ते सांगितले नाही. मग फोन वाजला म्हणून ते बाहेर गेले आणि तिथून दुसऱ्या कोणाच्या तरी वाढदिवसाला गेले.

त्यानंतर मी कांडपाच्या खोलीतून छन्नी व हातोडी आणली. निसार म्हणाले, "ताई, नगो. माझ्यावर येईल." मी त्यांना दाराबाहेर जाऊन उभे राहायला सांगितले व ते उभे राहिले. एकेका रिबिटीवर छन्नी धरून मी पाटी उखडली. ती एका कोपऱ्याला वाकली व अध्यक्षांच्या नावावर ओरखडा गेला. वडिलांच्या नावाला काही झाले नाही. पाटी मी भिंतीशी नीट उभी करून ठेवली. मशीनचा पंखा फिरायला लागला. मग निसार आत आले, त्यांनी जाळी झाडली व आतली धूळ काढली. दुपारपर्यंत काचेचा घाम गेला.

बुधवारी सकाळी राजवीर आला. बूट न काढताच आत आला, त्याला कोणी टोकले नाही. आईचा डावा गाल काळवंडला होता. सोमवारच्या संध्याकाळपासून मंगळवारच्या दुपारपर्यंत पेटी कोमट होती, त्यात जे व्हायचे ते झाले होते. त्या गालावर मी पदर ओढून ठेवला होता. राजवीर बराच वेळ बघत राहिला. पदर त्याने बाजूला केला नाही. "आक्का, झोपल्यावानी दिसतीया," म्हणाला. मी व्हय म्हणाले.

स्मशानात विजयसिंह यांनी श्रद्धांजलीचे भाषण केले. "मंडळाच्या शवपेटीमुळंच आज एका जवानाला आईचं अंत्यदर्शन घडलं," असे ते म्हणाले. मागे एका कार्यकर्त्याने सवयीने टाळी वाजवली, मग त्याला जागेचे भान आले. राजवीर तिथे होता, म्हणून मी काही बोलले नाही. त्याला गालाचे अजून माहीत नाही. या जबाबाची नक्कल त्याच्या हाती पडू नये अशी माझी विनंती आहे, एवढी एकच.

काल संध्याकाळी निसार यांची पत्नी मेहमुदा आमच्या दारात आली. सुतकाच्या घरात तोंड कसे उघडावे म्हणून ती उंबऱ्याबाहेर ताटकळत राहिली. मीच विचारल्यावर तिने सांगितले की, निसार यांनी कै. धैर्यशील इंगवले यांच्या नावाची पाटी मुद्दाम तोडून त्यांची विटंबना केली व गल्लीच्या भावना दुखावल्या, अशी तक्रार विजयसिंह यांनी दिली असून पोलिसांनी निसार यांना बसवून ठेवले आहे. विजयसिंह यांना पाटी कोणी तोडली हे चांगले ठाऊक आहे. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण सैन्यातल्या जवानाच्या बहिणीवर, तीही सुतकात, तक्रार दिली तर येत्या निवडणुकीत तोंड दाखवता येणार नाही. निसार यांच्या नावावर ती खपून जाते. असला हिशेब मात्र अध्यक्षांना मीटिंग न घेता जमतो.

तरी पाटी मी तोडली आहे. निसार शिकलगार यांनी तिला बोटही लावलेले नाही, तेवढी छाती त्यांच्यात नाही. त्यांना घरी सोडावे. माझ्यावर जे कलम बसत असेल ते लावावे. विजयसिंह यांची माफी मागून प्रकरण मिटवा, असे मला इथे आल्याबरोबर सुचवण्यात आले. मी माफी मागणार नाही. माझी छन्नी व हातोडी जप्त करायची असल्यास घरी येऊन न्यावी.

हा जबाब हवालदारांनी टाईप करून मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'आईच्या निधनाने भावनेच्या भरात' असे शब्द त्यांनी, मला हलके जावे म्हणून, आपल्या मनाने घातले होते. त्यांचा हेतू चांगला होता. ते शब्द मी काढायला लावले. मी भरात नव्हते. चष्मा लावून, रिबिटा मोजून, शुद्धीवर राहून मी पाटी तोडली आहे. बाकीचा मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खाली सही केली आहे.

(सही)
संयोगिता केरबा चौगले