अकरा एकांची संख्या

सन्माननीय अध्यक्ष उत्तमराव पाटील, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी, आजचे सत्कारमूर्ती शालिग्राम गुरुजी, सौभाग्यवती गोजराबाई आणि मेडशीच्या समस्त बंधुभगिनींनो,

गुरुजींच्या हाताखाली मी बावीस वर्षं शिकवलं. त्यांचे गुण आधीच्या वक्त्यांनी गायलेच आहेत. मी एका संख्येबद्दल बोलणार आहे.

एकापुढे एक असे अकरा एक मांडा. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. हिला कशानं नि:शेष भाग जातो का? एकोणीसशे एकवीस साली गुरुजींनी हा प्रश्न हाती घेतला. आपले बागवाले चंपतराव, ते बसलेत बघा, तेव्हा म्हणाले होते, "गुरुजी, भाग गेला त कोनाले काय भेटन?"

"जाते का नाई, थे त समजन!"

भाग जात असेल, तर लहान भाजक एक लाख साडेपाच हजारांच्या आत निघालाच पाहिजे. तेवढ्यात मूळ संख्या दहा हजारांवर, प्रत्येकीनं भागून पाहायचं. शाळा सुटली की गुरुजी रोज तीन भागाकार करायचे. मी ते तपासून खाली सही करायची, असं ठरलं होतं.

पुढे गुरुजींची नजर अंधुक झाली. गोजराबाई म्हणायच्या, "अकोल्याले डाक्टरले दाखवा न." उत्तर एकच, "एवढं सरू दे." गेल्या वर्षी सरलं. एकही भाजक निघाला नाही. गुरुजींनी नागपूरच्या एका प्राध्यापकांना कळवलं. उत्तर एका ओळीचं आलं: एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास गुणिले पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. करून पाहिलं. बरोब्बर अकरा एक.

गुरुजींनी विचारलं, "रामकिसन, तुनं तपासलं होतं न?"

"हो, गुरुजी."

"मंग नजर माह्यीच चुकली असन."

मी घरी भागाकारांची जुनी वही उघडली. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासची तिप्पट चौसष्ट हजार नऊशे सत्तेचाळीस. तिथं आठशे सत्तेचाळीस लिहिलं होतं. हातचा एक राहिला होता. शून्य यायचं तिथं बाकी उरली. खाली माझी सही. तारीख एकोणीसशे तेवीसची. त्या दिवशी मला कामरगावला साळ्याच्या लग्नाला जायचं होतं. बैलगाडी दारात उभी होती. मी पान न वाचता सही केली.

मी वाचलं असतं, तर शोध त्याच दिवशी संपला असता. गुरुजींच्या हातून संपला असता. पुढची सात वर्षं ते नसलेला भाजक शोधत राहिले. अकोल्याला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही. आज मानपत्र वाचायला त्यांना दुसऱ्याचे डोळे लागले, हे आपण पाहिलंत.

वर्षभर मी हे बोललो नाही. आज बोललो, त्यानं त्यांना काय दिसणार आहे?

गुरुजी, उठू नका. बसा.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेनं पोटात घालावं. त्या सहीची क्षमा मात्र मी मागत नाही. गुरुजी ती लगेच देतील, आणि मला ती घेववणार नाही.