कुस्कोहून निघालो

दक्षिण अमेरिकेत काय काय बघितलंस, असं विचारता ना? मला आठवतो तो फक्त पेरूमधला कुस्कोचा बसस्टँड.

नोकरी सोडून पाठीवर सॅक टाकून मी परदेशात फिरतोय हे घरी, रत्नागिरीला, ठाऊकच नव्हतं. बाबांनी जेवण टाकलं असतं. म्हणून रोज फोनवर सांगायचो, मुंबईतच आहे, काम जोरात चाललंय.

स्टँडवर सकाळी काकांचा फोन आला. "माझा दादा गेला रे, तुझे बाबा. बसल्या बसल्या गेला. तू लगेच नीघ, तुझ्यासाठी थांबवलंय. उद्या सकाळपर्यंत पोचशील ना?"

आमच्याकडे मुंबईचा मुलगा आल्याशिवाय उचलत नाहीत. तेव्हा तरी खरं सांगायचं की नाही? मी म्हटलं, "निघालो."

विमानतळावर पुन्हा फोन. "कुठवर आलास?"

"ट्रॅफिक आहे काका," म्हटलं आणि विमानात बसलो.

घरी पोचलो तेव्हा तीन दिवस उलटले होते. काका अंगणातच बसले होते.

"बर्फावर ठेवला होता त्याला, काल उचलला," ते म्हणाले. "परवा अख्खा दिवस मी संगमेश्वरला हायवेवर उभा होतो. मुंबईहून येणारी एकेक बस थांबवून आत बघत होतो."

मी सॅक खाली उतरवली. त्यांची नजर सॅकवर गेली. विमानकंपनीचा टॅग तसाच लटकत होता. त्यांनी तो ओढून तोडला, खिशात घातला.

"आत जा," म्हणाले. "वहिनीला मी सांगितलंय, घाटात दरड कोसळली होती."