सारंगीआधीची शांतता

आमच्या गाण्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा नियम साधा आहे. एकाने फारसा कुणाला ठाऊक नसलेला अल्बम सुचवायचा आणि बाकीच्यांनी पूर्ण ऐकून खरं मत द्यायचं. मी दरवेळी भीतभीत ‘छान आहे’ एवढंच लिहायची.

त्या आठवड्यात शेजारच्या नसीमआपाने सारंगीचा एक अल्बम सुचवला. ग्रुपमधल्या प्रकाशदादांचं मत लगेच आलं, “चौथ्या गाण्याआधी नुसती लांबलचक शांतता आहे. रेकॉर्डिंग फसलंय.”

माझा जीव भलतीकडेच होता. आमची सई सात महिन्यांची झाली तरी हाकेला वळत नव्हती. घराला लागूनच यंत्रमागांचा कारखाना. सासूबाई म्हणायच्या, “लूमच्या खडखडाटात जन्मली हाय ती. तुझ्या हाकेचं तिला काय कौतुक!” मी हसायची आणि रात्रभर जागी राहायची. कानांची तपासणी अजून व्हायची होती.

शुक्रवारच्या सुट्टीमुळे लूम बंद होते. सईच्या पाठीमागे बसून मी अल्बम लावला. ती शांतता आली, तेव्हा वाटलं फोनच बंद पडला. मग सारंगी वाजली आणि सईने मान वळवली.

मी ग्रुपवर लिहिलं, “शांतता फसलेली नाही. त्यानंतर सई वळली.”

नसीमआपा चप्पल न घालताच आली. “फिरसे लगा.”

सासूबाईंनी न सांगता पंखा बंद केला. मी पुन्हा सईच्या पाठीमागे बसून तेच गाणं लावलं आणि घाबरून डोळे मिटून घेतले. सारंगी सुरू झाली.

“आपा, मुडी क्या?”

“आँख खोल, पगली. तेरेकोच देख रही है.”