दुसऱ्यांदा विचारतच नाहीत

...आणि भांडं उचलून घेऊन गेली हो! म्हणजे मी आपलं 'नको' म्हटलं आणि तिने ते चक्क खरं मानलं. आता तुम्हीच मला सांगा, आपल्यात पहिलं 'नको' कुणी खरं मानतं का? पहिलं 'नको' म्हणजे नुसता घसा साफ करणं. मग समोरच्याने म्हणायचं, 'असं कसं, थोडं तरी घ्या', मग आपण ताटावर आडवा हात धरायचा, पण बोटांत फट ठेवून, मग त्याने म्हणायचं, 'माझी शपथ आहे तुम्हाला', आणि मग आपण जगावर उपकार केल्यासारखं म्हणायचं, 'बरं, वाढा, पण अगदी थोडं हं.' एवढं सगळं ठरलेलं असतं. आणि इथे माझी घरमालकीण, सत्तरीची बाई, चेहऱ्यावरून थेट माझ्या आत्यासारखी, पहिल्याच दिवशी विचारते, 'सूप हवंय?' मी म्हटलं, 'नको नको, कशाला.' ती म्हणाली, 'ठीक आहे.' आणि भांडं आत. झाकण ठेवल्याचा आवाजसुद्धा आला मला. मी प्रवासातून उपाशी आलेला माणूस, पाणी पिऊन झोपलो. तुम्हाला सांगतो, दुसऱ्यांदा विचारतच नाहीत हो इथे.

पण मी इथे आलोच कशाला, ते राहिलंच की सांगायचं. मी जन्मभर आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवलं. रिटायर झालो आणि घरात जो तो मला बसवायला लागला. 'बाबा, तुम्ही बसा.' नळ गळायला लागला, मी पाना शोधतोय, तोवर सूनबाईने मोबाइलवरून माणूस बोलावलेलासुद्धा. 'बाबा, तुम्ही बसा ना.' तिचं काही चुकत नाही हो, माझ्या भल्यासाठीच म्हणायची ती, पण माणसाने बसायचं तरी किती? मग कळलं, परदेशात एक केंद्र आहे, चालता न येणाऱ्या माणसांच्या चाकांच्या खुर्च्या तिथे दुरुस्त करतात, हातात कसब असलेले स्वयंसेवक हवेत, वर्षभरासाठी, पगार नाही, राहायची सोय. आमची ही म्हणाली, 'जा बाई एकदाचे, नाहीतर इथे बसून माझा चालू मिक्सर खोलाल.' आलो.

आलो तर इथे ही तऱ्हा. वर्कशॉपमध्ये थंडी म्हणजे काय, पाना हातात धरला की पानाच आपल्याला धरतो. संचालकबाईंनी विचारलं, 'तुमच्याजवळ हीटर ठेवू का?' मी म्हटलं, 'छे हो, मला कुठे थंडी वाजते.' 'वा, छान,' म्हणाल्या आणि हीटर शेजारच्या खोलीत. मी दिवसभर चाकाचे आरे कसतोय आणि कोणतं बोट माझं आणि कोणता आरा, मला कळेना. संध्याकाळी पाऊस. आमच्यातला वेल्डर गाडी काढून म्हणाला, 'चला, घरी सोडतो.' मी म्हटलं, 'नको, उगाच तुम्हाला त्रास, जाईन मी चालत.' 'बरं.' गेला की हो! आणि वर काचेतून हात हलवला. प्रेमाने! मी भिजतोय आणि मीही हात हलवतोय.

बरं, 'नको' खरं मानतात तर मानोत, 'या'सुद्धा खरं मानतात. आपण नाही का म्हणत, 'या एकदा घरी'? ते काय खरंच यायला असतं? मी वेल्डरला जाता जाता म्हटलं, 'या एकदा घरी.' तो थांबला. म्हणाला, 'कधी?' मी म्हटलं, 'केव्हाही.' म्हणाला, 'शनिवारी चारला?' आणि आला हो, बायकोला घेऊन, फुलं घेऊन, माझ्या एका खोलीत, जिथे खुर्ची एक आणि कप दोन! घरमालकिणीकडून खुर्च्या आणल्या, तिलाच बोलावून बसवलं, आणि खोटं कशाला बोलू, दुपार फार मजेत गेली.

सुरुवातीला राग यायचा मला. पण मग एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या खुर्ची घेऊन. त्यांचे गुडघे मशीनच्या टेबलाला आपटायचे. मी पाय ठेवायची पट्टी खाली घेतली, बैठक कापली, परत लावली, आणि विचारलं, 'कसं वाटतंय?' आता आपल्याकडचं माणूस असतं तर काय म्हणालं असतं? 'अगदी झकास, साहेब,' म्हणालं असतं, आणि घरी जाऊन तसंच गुडघे आपटत बसलं असतं. या बाई वर्कशॉपभर एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, 'नाही. अजून खाली.' परत केलं. 'डावीकडे टोचतंय.' परत केलं. घामाघूम झालो मी, त्या थंडीत. शेवटी म्हणाल्या, 'आता बरोबर आहे.' आणि तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांच्या नोकरीत इतके हार गळ्यात पडले, पण त्या 'बरोबर आहे'ने जे बरं वाटलं ना, ते कशाने नव्हतं वाटलं. कारण ते खरं होतं. मला इथलं काम आवडायला लागलं. मला इथे कुणी 'बसा' म्हणत नव्हतं.

आणि वर्ष संपत आलं. मनात एकच, संचालकबाईंनी विचारावं, राहता का म्हणून. आणि विचारलं की त्यांनी! मी बेअरिंगला ग्रीस लावतोय, आल्या आणि म्हणाल्या, 'आणखी एक वर्ष राहाल का?' आतून माझा जीव 'हो' म्हणून ओरडतोय आणि तोंड काय म्हणालं? 'छे छे, मला कशाला, नव्या माणसाला संधी द्या.'

'समजलं,' म्हणाल्या. 'घरची ओढ असणारच.' आणि गेल्या.

दुपारपर्यंत माझ्या निरोपाचा दिवस ठरला. वेल्डर खांदा दाबून गेला. नवा माणूस कुणीतरी शोधलासुद्धा. मी ग्रीसचा हात तसाच धरून उभा. दुसऱ्यांदा विचारतच नाहीत हो!

घरी आलो. घरमालकीण म्हणाली, 'सूप?' मी म्हटलं, 'नको.' यावेळी खरंच नको होतं, तर ही बया माझ्याकडे बघत उभी राहिली.

'तुम्हाला जायचं नाहीये का?'

'तसं काही नाही...'

'मग राहायचंय?'

'आता त्यांनी आग्रहच केला असता तर...'

'त्यांनी विचारलं नाही?'

'विचारलं की.'

'मग?'

'मी नको म्हणालो.'

'का?'

म्हटलं, 'आमच्याकडे तशी पद्धत आहे.' तिने अगदी काळजीने विचारलं, 'मग तुमच्याकडे माणसं जेवतात कशी?'

दुसऱ्या दिवशी गेलो संचालकबाईंकडे. कान गरम झालेले. आईवडिलांनी लहानपणापासून शिकवलेलं सगळं बाजूला ठेवलं. म्हटलं, 'मला राहायचंय. मला हे काम हवंय.' झालं, म्हटलं, आता या म्हणणार, आधी का नाही सांगितलं, आता नवा माणूस ठरला. तर बाई म्हणाल्या, 'छान. खुर्च्या ढीगभर पडल्यात, दोघंही लागाल.' बस्स. साठ वर्षांची सवय मोडली मी, आणि बाई परत फोनवर बोलायला लागल्यासुद्धा.

असा आनंद झाला म्हणता! तशाच आनंदात घरी फोन लावला. 'अगं, आणखी एक वर्ष राहीन म्हणतो.' मग आमची ही म्हणाली, 'राहा की. माझं काय, मी आहे आपली. माझी नका काळजी करू.'

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, 'ठीक आहे.' आणि फोन ठेवला!

निम्मा चहा झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. परत लावला, उचलेना. दुसऱ्या दिवशी सूनबाईने उचलला. 'बाबा, आई म्हणतात त्या कामात आहेत.' 'कोणत्या कामात?' 'बसल्यात.' म्हटलं, 'तिला विचार, इकडे येतेस का माझ्याकडे? मला करमत नाही तिच्याशिवाय.' मागून आवाज आला, 'मला काही नको परदेश-बिरदेश.' सूनबाई म्हणाली, 'आई नको म्हणतात, बाबा.' आणि मग आवाज एकदम बारीक करून, 'पण आज सकाळी पासपोर्टचे फोटो काढून आल्यात.'

तेव्हापासून रोज फोन करतोय, रोज विचारतोय, रोज 'नको' ऐकतोय. कितव्यांदा 'हो' म्हणायचं ते तिचं अजून ठरलेलं नाही. काय करता, उद्या परत विचारायचं.