दुसऱ्या घरी

आमच्या वैशालीचं सांगतो. ती गाणी स्वतः लिहिते, गावोगाव जाऊन गाते. ढोलकीवर मी. जांभूळ गावात एका हळदीत तिनं आपलं गाणं धरलं, "लेक निघाली परक्या घरी." एक म्हातारी मावशी मधेच म्हणाली, "पोरी, चुकलीस. 'दुसऱ्या घरी' हाय. आमचं जुनं गानं हाय. लेकीला परकी कशाला करतेस?"

ते गाणं वैशालीनं दोन वर्षांपूर्वी अंबरनाथला माझ्याच ओट्यावर बसून लिहिलेलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मावशी, परत म्हणा ना." आणि वहीत ओळ खोडून नवी लिहिली.

परतताना मला राहवलं नाही. "गाणं तुझं आहे, हे का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्या गप्प बसल्या असत्या, काका. आणि मी जन्मभर चुकीचं गात राहिले असते."